बारा चाळीसची नोंद

“बाहेर जा. दार वाजव. कागद ट्रेमध्ये ठेव. आणि तोंड न उघडता परत जा.”

एका डॉक्टरांनी मला हे सांगितलं तेव्हा माझं वय त्रेपन्न होतं. त्यांचं बत्तीस-तेहतीस असावं. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ होतो. लोक मला ‘रक्तवाले भाऊ’ म्हणत. त्या सकाळी मी डॉक्टरांच्या खोलीत उभा होतो. हातात एका शाळकरी मुलीचा अहवाल. अंगात रक्त इतकं कमी, की ती स्वतःच्या पायांनी चालत आली याचंच नवल वाटावं. भिंतीलगत वीसेक रुग्ण रांगेत होते. मी एकच वाक्य बोललो होतो: “साहेब, हिला आजच भरती करावं लागेल.”

“करावं लागेल?” डॉक्टरांनी मान वर केली. “कोण ठरवणार? तू? अरे, तू आकडा आण. अर्थ मी लावीन. तुमच्या लोकांना जरा खुर्ची दिली की लगेच डोक्यावर बसता.”

तुमच्या लोकांना.

ज्या नावाने माझ्या वडिलांना गावात हाक मारली जाई ते नाव आता उघडपणे कुणी घेत नाही. कायदा आहे. त्या नावाच्या जागी आता हे दोन शब्द येतात. खोलीतल्या प्रत्येकाला ते कळले. मलाही कळले हे प्रत्येकाने पाहिलं.

मग ते दाराचं सांगणं आलं. मी बाहेर गेलो. दार वाजवलं. “ये,” असं आतून आलं. मी आत गेलो, कागद ट्रेमध्ये ठेवला, वळलो. रांगेतलं कुणीतरी फस्सकन हसलं. आणि मीही हसलो. वर्गात छडी खाल्लेला मुलगा जसा हसतो तसा. त्या अपमानातलं आज मला सर्वांत जास्त काय टोचत असेल, तर ते माझं हसू. बाकी सगळं कुणीतरी माझ्याबाबतीत केलं होतं. हसलो मात्र मी.

त्या मुलीला तासाभराने भरती केलं. मी जे म्हटलं होतं तेच झालं. फक्त ते मी म्हटलेलं नव्हतं, असं झालं.

माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढे जे घडलं त्यात डॉक्टर एकटे नाहीत.

माझं गाव सिंदेवाहीकडचं. छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर. वडील दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत रोजीने जात. पानांवर करप्याचे पहिले ठिपके उठले की त्यांना ते मालकाच्या चार दिवस आधी दिसत. संध्याकाळी घरी येऊन ते आईला सांगत. मालकाला सांगत नसत. आई म्हणायची, “मंग सांगत काऊन नाई जी त्याले?” वडील म्हणायचे, “त्यानं इचारलं कुठी? न इचारता सांगतलं तं म्हणन, तू कोण मोठा लागून गेला.” आम्ही भावंडं हसायचो. मालकाची जिरली, असं वाटायचं. धान करपलं की कापणीचं कामही बुडायचं आणि त्या महिन्यांत आमच्याच चुलीवर आंबील शिजायची, ही गोष्ट त्या हसण्याशी जोडून पाहायला मला पन्नास वर्षं लागली.

वडिलांनी मला शिकवलं. पदविका झाली, नोकरी लागली. प्रत्येक वरिष्ठाने माझ्याविषयी एकच शेरा लिहिला: शांत स्वभाव. मला तो शेरा आवडे. शांत असणं आणि भिऊन असणं यांतला फरक मी स्वतःला कधी विचारला नाही.

आता दवाखान्यातल्या कामवाटपाविषयी.

आमच्या दवाखान्यात डॉक्टरांची दोन पदं होती. एक कित्येक वर्षं रिकामं. उरलेल्या एका माणसाने बाह्यरुग्ण पाहायचे, बाळंतपणं पाहायची, शवविच्छेदन करायचं, कोर्टाच्या तारखेला जायचं, शिबिरं घ्यायची आणि जिल्ह्याच्या बैठकीला संगणकासमोर बसायचं. पावसाळ्यात तापाच्या रुग्णांची रांग फाटकाबाहेर जाई. मी डॉक्टरांना उभ्याउभ्या जेवताना पाहिलं आहे. एकदा रुग्णाच्या छातीवर नळी ठेवून डुलकी लागलेली पाहिली आहे. हे त्यांच्या बाजूने लिहितो आहे, कारण ते खरं आहे. त्यांना राक्षस ठरवलं की मी मोकळा होतो. मला मोकळं व्हायचं नाही.

तर त्या सकाळच्या आधीच असं ठरलं होतं की डॉक्टरांवरचा भार हलका करायचा आणि काही कामं लॅबकडे द्यायची. तापाचा रुग्ण आधी माझ्याकडे येणार. मी बोट टोचणार, स्लाइड बघणार, रक्त आणि साखर तपासणार. साधा मलेरिया असेल तर वय-वजनाचा तक्ता पाहून गोळ्यांची चिठ्ठीही मीच देणार. कुणी गंभीर दिसला तर डॉक्टरांकडे. व्यवस्था म्हणून यात काही वाईट नव्हतं. आजही मी म्हणेन, वाईट नाही. अर्धी रांग माझ्याच खिडकीवरून औषध घेऊन घरी जाऊ लागली. लोकांचा दिवस वाचला.

चिठ्ठीवर सही मात्र डॉक्टरांचीच लागे. म्हणून एक पद्धत पडली. रोज सकाळी डॉक्टर चिठ्ठ्यांचं एक पॅड पाठवत. कोऱ्या चिठ्ठ्या, प्रत्येकीच्या तळाशी त्यांची आधीच केलेली सही. वर मी लिहायचं.

वॉर्डातल्या सिस्टर, माझ्याहून चारेक वर्षांनी लहान, चंद्रपूरच्या, येता-जाता चिडवायच्या: “काय भाऊ, आज किती सह्या धाडल्या साहेबानं? आता तं तुमीच आमचे छोटे डॉक्टर!”

मी “काय सिस्टर, गरिबाची थट्टा” असं म्हणे, आणि आत सुखावे. ते पॅड मी माझ्या खणात कुलपात ठेवत असे. घरी बायकोला एकदा दाखवायला नेलं होतं. त्या सहीखाली मी माझं नाव कधी लिहिलं नाही. कुणी लिहायला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

दाराच्या त्या प्रसंगानंतर काम कमी झालं नाही. उलट वाढलं. नियम मात्र एक पक्का झाला. डॉक्टरांच्या खोलीबाहेर स्टुलावर एक स्टीलचा ट्रे आला. लॅबने अहवाल तिथे ठेवायचा. तोंडी काही नाही. डॉक्टर मोकळे झाले की ट्रे आत घेणार. रुग्ण टोचायचा मी, रोग पाहायचा मी, गोळ्या लिहायच्या मी. बोलायचं मात्र कागदाने.

मी तो नियम काटेकोरपणे पाळला. जरा जास्तच काटेकोरपणे. आता कळतं की त्यात माझा राग होता. न विचारता सांगायचं नाही ना? ठीक आहे. नाही सांगत.

भाद्रपद होता. निंदणाचे दिवस. मैनी आली ती आईबरोबर, काळी-पिवळी जीपने, आतल्या एका माडिया आदिवासींच्या पाड्यावरून. वीस-बावीसची असेल. पोट दिसू लागलेलं, पाचवा महिना. तीन दिवसांचा ताप. आईला मराठी तोडकं-मोडकं येत होतं. मैनी माझ्या बाकावर बसली, बोट पुढे केलं, टोचल्यावर हसली. कपाळावर घाम होता. हात किंचित थरथरत होते. मी नाव विचारलं, तिने सांगितलं. म्हणजे ती शुद्धीवर होती. हे मी पुन्हा लिहितो. ती शुद्धीवर होती.

स्लाइड पाहिली. पीएफ. आमच्याकडे मेंदूत चढणाऱ्या मलेरियाला हेच म्हणतात. जिथे नजर टाकावी तिथे पेशींच्या आत त्या बारीक अंगठ्या. एका पेशीत दोन-दोन. साखर तपासली. यंत्राने छत्तीस दाखवले. मी दुसरी पट्टी घालून पुन्हा तपासलं. चौतीस.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जेवलेली, चालती-बोलती बाई असेल तर हा आकडा शंभराच्या आसपास असतो. हा मलेरिया गर्भारपणात साखर खाऊन टाकतो. माणूस आधी घामाघूम होतो, मग पेंगतो, मग झोपल्यासारखा दिसतो, आणि ती झोप नसते. उपाय अगदी साधा. शिरेतून ग्लुकोज. ते वॉर्डातल्या कपाटात होतं, माझ्या टेबलापासून तीस पावलांवर. नंतर मी ती पावलं मोजली आहेत. कितीतरी वेळा.

मी अहवाल लिहिला. चौतीसच्या खाली तांबड्या शाईने दोन रेघा मारल्या. नोंदवहीत वेळ टाकली: बारा चाळीस. मैनीला आणि तिच्या आईला व्हरांड्यातल्या बाकावर बसायला सांगितलं आणि कागद घेऊन गेलो.

डॉक्टरांचं दार बंद होतं. आत जिल्ह्याची बैठक चालू होती. संगणकातून कुणाचा तरी चढा आवाज येत होता, आकडे मागणारा, आणि डॉक्टर “यस सर, यस सर” म्हणत होते. म्हणजे त्यांनाही कुणीतरी दाराबाहेर उभं केलं होतं. माझा हात वर गेला. बोटांची घडी झाली. दार आणि माझी बोटं यांत वीतभर अंतर होतं.

मी हात खाली घेतला. कागद ट्रेमध्ये ठेवला. परत आलो.

सिस्टर प्रसूतिगृहात होत्या, एका बाळंतिणीपाशी. दार उघडंच होतं. तिथेही मी गेलो नाही. नियमात ट्रे होता, सिस्टर नव्हत्या. असा हिशोब मी त्या क्षणी खरोखर केला. आणि त्या हिशोबात एक गोड भाग होता. मला वाटलं होतं, आता उशीर झाला तर तो कुणामुळे झाला, ते कळेल साहेबांना.

माझ्या खिडकीपुढे रांग होती. मी पुढच्याचं बोट टोचलं.

थोड्या वेळाने मैनीची आई खिडकीशी आली. “झोपली,” ती म्हणाली. “उठून नाई राह्यली.”

“झोपू द्या बाई. कागद साहेबांकडे गेलाय.”

ती गेली. आणखी काही बोटं टोचली. ती पुन्हा आली. या वेळी तिने खिडकीच्या आत हात घातला आणि माझी बाही धरली. “बोलत हिल्ले,” ती म्हणाली. हिल्ले म्हणजे नाही. घाबरली की माणूस आपल्या भाषेत जातो.

रांगेतला एक जण म्हणाला, “ए बाई, नंबरनं ये ना.” मी बाही सोडवून घेतली. आणि मी म्हणालो:

“तुमच्या लोकायले एकदा सांगून समजत नाई काय?”

तिने हात मागे घेतला. बाकाकडे गेली आणि मुलीचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली. पुन्हा आली नाही.

तेच दोन शब्द होते. ते तोंडातून बाहेर पडले तेव्हा मला ओळखू आले नाहीत. माझ्या गावच्या बोलीत आले म्हणून असेल.

अडीचच्या सुमारास डॉक्टरांचं दार उघडलं. त्यांनी ट्रे उचलला आणि मी त्यांना ओरडताना ऐकलं. माझं नाव नव्हतं त्यात. “ग्लुकोज! सिस्टर, ग्लुकोज!” ते व्हरांड्यातून धावले. त्यांची चप्पल वाटेत निघाली. मैनीला झटके सुरू झाले होते. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं, घामाने भिजून, गुडघ्यांवर बसून. रुग्णवाहिका बोलावली. ती फाटकात येण्याआधीच मैनी गेली. पोटातलं मूलही. चार वाजत होते. बाहेर लख्ख ऊन होतं.

आई रडली नाही. तिने मुलीच्या हाताचं ते बोट धरून ठेवलं होतं, मी टोचलेलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. दार आतून लावलं. “बसा,” म्हणाले.

तीन वर्षांत त्यांनी मला प्रथमच ‘बसा’ म्हटलं होतं. मी बसलो. त्यांचे डोळे सुजलेले होते. झोपले नव्हते.

“तुम्ही समजूतदार आहात,” ते म्हणाले. “चौकशी लागेल. तुमच्या वहीत बारा चाळीस आहे. ते दोन वीस करा. गर्दी होती, तपासणीला वेळ लागला. गर्दी होतीच ना? त्यात तुमचीही सुटका आहे. विचार करा. बारा चाळीसला तुम्हाला माहीत होतं, असं होतं नाहीतर.”

त्यांचं शेवटचं वाक्य खरं होतं. म्हणूनच ते इतकं खोल गेलं. ती नोंद त्यांच्याविरुद्ध जेवढी होती तेवढीच माझ्याविरुद्ध होती. खोडली तर दोघेही सुटत होतो. ‘तू’चा ‘तुम्ही’ झाला होता. खुर्ची मिळाली होती. एका मेलेल्या बाईच्या पावणेदोन तासांच्या बदल्यात मला एका वाक्यापुरती बरोबरी मिळत होती.

मी लॅबमध्ये आलो, वही उघडली, पेन काढलं. सिस्टर मागून आल्या. त्यांना कळलं होतं.

“लिहून टाका ना भाऊ,” त्या हळूच म्हणाल्या. “ते बाई काही परत येत नाई. आपल्याले इथीच नोकरी करा लागते.”

“सिस्टर, मी तुमच्याकडे आलो असतो तर?”

त्यांनी वहीतली वेळ पाहिली. मग म्हणाल्या, “दोन मिनिटं लागले असते. दार तं उघडंच होतं मायं.” आणि तोंडाला पदर लावून निघून गेल्या.

पेनाचं टोक बारातल्या एक या आकड्यावर टेकलं होतं. तिथे एक ठिपका आहे. तो अजूनही वहीत असेल. मी पेनाला टोपण लावलं, वही काखेत घेतली आणि डॉक्टरांच्या खोलीत गेलो. या वेळी दार वाजवलं नाही.

“नाही साहेब,” मी म्हणालो. “बारा चाळीसच राहील.”

“अरे, तू बुडशील.” ‘तू’ परत आला.

“हो साहेब.”

आयुष्यात कुणा वरिष्ठाला नकार देण्याची माझी ती पहिली वेळ. मला वाटलं होतं, छाती भरून येईल. तसं काही झालं नाही. उशिरा आलेल्या नकाराला चव नसते.

चौकशीला तिघे आले. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. मला उभं ठेवलं.

“बारा चाळीसला तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“धोका कळत होता?”

“हो.”

“मग सांगितलं का नाही?”

मी त्यांना दाराचा प्रसंग सांगितला. ट्रे सांगितला. पॅड सांगितलं, सह्यांसकट. ते दोन शब्दही सांगितले. मधले अधिकारी शेजारच्याकडे पाहून हसले. “एवढ्यासाठी? लहान मुलासारखे रुसून बसलात?” दुसरे म्हणाले, “जातीचा विषय इथे आणू नका. मुद्द्याचं बोला.” कागदावर त्यांनी काय लिहिलं ते मला पुढे कळलं: तंत्रज्ञाकडून संवादात कसूर. डॉक्टरांची बदली शहराकडे झाली, त्यांना हवी होती तिथे. माझी जिल्ह्याच्या तेलंगणाकडच्या टोकाला, सिरोंचाकडे. सह्यांच्या पॅडविषयी अहवालात एक ओळही नव्हती.

मी दुखावलो. रागाने जळलो. खरं सांगायचं तर त्या रागात मला बरं वाटत होतं. मी स्वतःला सांगत होतो, माझी जीभ कापली गेली होती. दार बंद होतं. मी सत्य बोललो आणि शिक्षा भोगली. हे सगळं खरं होतं, आणि तेवढ्यावर मी उरलेलं आयुष्य काढू शकलो असतो.

नव्या जागी रुजू होण्याआधी मी मैनीच्या पाड्यावर गेलो. का गेलो ते नीट सांगता येत नाही. क्षमा मागायला, असं बायकोला सांगितलं होतं. कदाचित मला कुणाला तरी माझी बाजू सांगायची होती.

आई अंगणात मोहाच्या टोळ्या, म्हणजे बिया, फोडत होती. मला पाहून ओळखलं. खाट दाखवली. मी जमिनीवर बसलो.

“तू डाक्टर,” ती म्हणाली.

“नाही बाई. मी डॉक्टर नाही. रक्त तपासतो फक्त.”

तिचे हात थांबले. “तूच टोचला. तूच पाह्यला. तूच कागद लिवला. मले वाटला तूच डाक्टर.” मग हातातली टोळी खाली ठेवून: “काय होता मायी पोरीले?”

तोपर्यंत तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी शक्य तितकं सोपं करून सांगितलं. ताप डोक्यात गेला होता. रक्तातली साखर संपली होती. साखर वेळेवर मिळाली असती तर कदाचित...

“साखर?”

“हो. गोड. ते बाटलीतून देतात.”

“गोड,” ती म्हणाली. “गूळ होता मायापाशी. लुगड्याले बांधून नेला होता. वाटेत खावाले.” तिने कमरेपाशी हात नेला, जणू गाठ अजून तिथे होती. “ते तं बसली होती तवा. खाल्ली असती.”

मी तिच्या हाताकडे पाहिलं.

“तुले मालूम होता?”

“हो.”

“मंग मले काऊन नाई सांगतला?”

मी दाराविषयी सांगायच्या तयारीत गेलो होतो. साहेब, ट्रे, बैठक, नियम. यांतलं तिने काहीच विचारलं नव्हतं. ती विचारत होती, मले काऊन नाई. दोनदा ती माझ्या खिडकीशी आली. माझी बाही धरली. तिच्याशी बोलायला मला कुणी मनाई केली नव्हती. कुठलंही दार मधे नव्हतं. तिला चार शब्द सांगावेत, हे माझ्या मनातच आलं नाही. त्या दिवशी नाही, वही घेऊन उभा होतो तेव्हा नाही, चौकशीतही नाही. सांगायचं ते वरती, असंच मला आयुष्यभर ठाऊक होतं. खालीही सांगायचं असतं, किंवा ती खाली नाहीच, समोर आहे, हे मला ठाऊक नव्हतं. माझी जीभ कुणी कापलेली नव्हती. तिच्यासाठी ती मी स्वतःच कधी उचलली नव्हती.

ज्याला आयुष्यभर ‘तुमच्या लोकांना’ म्हटलं गेलं, त्याने ते शब्द पुढे देण्यासाठी एक खिडकी शोधून ठेवली होती.

मी खाली मान घालून बसलो. तिने पुन्हा टोळ्या फोडायला घेतल्या. क्षमा केली नाही. शिवीही दिली नाही. निघताना मी हात जोडले तेव्हा तिने वर पाहिलं नाही. बरोबर केलं.

त्याला आता काही वर्षं झाली. दुपारी एक वाजून गेला की मला बाहीवर हात जाणवतो. मी मागे वळून पाहत नाही. तो हात तिथे असावा, असं मला वाटतं. तो गेला तर मी पुन्हा शांत स्वभावाचा होईन.

गेल्या महिन्यात या दवाखान्यातही तीच व्यवस्था आली. इथेही डॉक्टर एकटेच. तरुण मुलगी आहे, चांगली आहे, थकलेली आहे. तिनेही सकाळी पॅड पाठवलं, सह्या करून. मी ते घेऊन तिच्याकडे गेलो.

“मॅडम, काम सगळं घेतो. आणखी द्या. तुमचा भार हलका व्हायलाच पाहिजे. पण ही सही परत घ्या. मी लिहीन त्याखाली माझं नाव राहील. चुकलो तर माझं चुकलं म्हणून कळलं पाहिजे.”

“काका, नियमात बसणार नाही ते.”

“मग नियम मागू आपण. मी अर्ज लिहिला आहे. तोवर चिठ्ठी तुम्ही बघून सही करा, मी समोर उभा राहीन.”

ती वैतागली. रांग लांबली. लोकांनी मला शिव्या दिल्या. ‘रक्तवाला लई शाणा झाला’ असं परवा कुणी म्हणालं. अर्ज वर गेला आहे, रुग्णाला निदान मी तिथेच सांगेन या ओळीसकट. उत्तर आलेलं नाही. एक तोंडी निरोप मात्र आला: रुग्णाला निदान सांगणं तंत्रज्ञाचं काम नाही, जरा सांभाळून राहा.

मी सांभाळून राहणार नाही.

माझ्या बाकावर जो बसेल त्याला त्याच्या रक्तात मी काय पाहिलं ते मी सांगणार. आधी त्याला. त्याच्या आईला, नवऱ्याला, जो सोबत असेल त्याला. त्याच्या भाषेत. इकडे तेलुगू लागते, आतल्या गावांना गोंडी. साखर, रक्त, धोका, आत्ता, थांबू नका. एवढे शब्द मी दोन्ही भाषांत पाठ केले आहेत, बाकीचे शिकतो आहे. नंतर डॉक्टरांना सांगणार, त्या कुठेही असोत, कोणत्याही बैठकीत असोत. कुणाला कधी सांगितलं ते वहीत लिहिणार आणि खाली माझं नाव घालणार.

निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. ज्यांना मला थांबवायचं असेल त्यांनी लेखी थांबवावं. सही करून. तो कागद मी भिंतीवर लावीन, आणि त्याच्याच खाली उभा राहून पुढच्या माणसाला सांगेन.